जपानमध्ये कायमचे राहावे का? एका पुणेकर कुटुंबाच्या प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघे पुण्याचे. चार वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी टोकियोला आलात आणि तिथल्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला भाड्याच्या घरात राहता. मुलगी येत्या एप्रिलमध्ये पहिलीत जाण्याच्या वयाची होईल. शिक्षण, अनुभव, पगार यांवर परदेशी व्यावसायिकांना गुण देणाऱ्या इथल्या व्हिसाच्या गुणपद्धतीत तुमचे ऐंशीहून अधिक गुण भरतात, त्यामुळे कायम वास्तव्याचा, म्हणजे पी.आर.चा, अर्ज लगेच करता येईल असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. आईवडील पुण्यात एकटे राहतात आणि सत्तरीला टेकले आहेत. पत्नीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, की ती आता इथे 'ॲडजस्ट झाली आहे'. आणि शेवटी विचारले आहे, की या समाजात परका माणूस म्हणून आयुष्य काढता येते का, की वेळीच परत जावे.

मी २००२ साली इथे आले. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले होते, त्यामुळे सुरुवातीला कंपन्यांमध्ये अनुवादाचे काम मिळाले. गेली पंधराएक वर्षे मी दुभाषी म्हणून रुग्णालयांत, शाळांत आणि कुयाकुशोत, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसात, भारतीय कुटुंबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. व्हिसाचे अर्ज तयार करणे हे ग्योसेइशोशी या परवानाधारकांचे काम आहे आणि करांचा सल्ला झेइरिशी देतात. त्या दोघांची जागा मी घेऊ शकत नाही. त्या खुर्चीवरून जे दिसले आणि माझ्या स्वतःच्या घरात जे घडले, तेवढ्याच आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

प्रथम एक गाठ सोडवायला हवी. पी.आर.चा अर्ज करणे आणि इथे राहण्याचा निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. एरवी पी.आर.साठी दहा वर्षांचे सलग वास्तव्य लागते आणि त्यातली पाच वर्षे कामाच्या व्हिसावर काढलेली असावी लागतात. २०१७ पासून अतिकुशल व्यावसायिकांपैकी सत्तर गुणवाल्यांना तीन वर्षांनी आणि ऐंशी गुणवाल्यांना एका वर्षाने अर्ज करण्याची मुभा मिळाली. पी.आर. हाती आला की नोकरी सुटली तरी व्हिसाची टांगती तलवार राहत नाही, बँक गृहकर्जाचे बोलणे करते, आणि पत्नीचा व्हिसा बदलून घेतला की तिच्या कामाच्या तासांवरचे बंधनही जाते. हे फायदे खरे आहेत आणि मी त्यांना कमी लेखत नाही. मात्र त्यामुळे तुम्ही या देशाचे होत नाही, तुम्हाला दिलेली परवानगी तेवढी लांबते.

ही परवानगी काय आहे हे नीट समजून घ्या, कारण परकेपणाचा सगळा कायदा तिच्यावर उभा आहे. १९७८ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन इंग्रजी शिक्षकाच्या खटल्यात निकाल दिला. राज्यघटनेतले बहुतेक मूलभूत हक्क परदेशी माणसालाही आहेत, परंतु ते वास्तव्याच्या परवानगीच्या चौकटीत, असा त्या निकालाचा सारांश आहे. २०१४ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की गरिबांना मदत देण्याच्या कायद्यावर परदेशी माणसाचा, त्याच्याकडे पी.आर. असला तरी, कायदेशीर हक्क पोहोचत नाही. प्रशासन अशी मदत देते ते आपल्या अधिकारात देते. मतदानाचा हक्क पी.आर. असलेल्यालाही नाही, अगदी वॉर्डाच्या निवडणुकीतही नाही. योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ साली एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले, पण त्याआधी त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले होते. २०२४ साली कायद्यात बदल होऊन, कर किंवा विमा-पेन्शनचे हप्ते जाणूनबुजून बुडवणाऱ्याचा पी.आर. काढून घेण्याची तरतूदही झाली आहे. तुम्ही हप्ते बुडवणाऱ्यांतले नाही हे मी जाणते. सांगायचे आहे ते एवढेच, की 'कायम' हा शब्द जितका भक्कम वाटतो तितका तो नाही.

अर्ज टाकण्याआधी दोन गोष्टी झेइरिशीला आणि ग्योसेइशोशीला अवश्य विचारा, कारण बहुतेकांना त्या अर्ज मंजूर झाल्यावर कळतात. पहिली वारसा कराची. भारतात हा कर १९८५ साली रद्द झाला, त्यामुळे तो आपल्या ध्यानीमनीही नसतो. जपानमध्ये वारसा कर मृताकडून नव्हे तर वारसाकडून घेतला जातो आणि त्याचा वरचा दर ५५ टक्के आहे. तुम्ही कामाच्या व्हिसावर असेपर्यंत, आणि वास्तव्य दहा वर्षांच्या आत असेपर्यंत, पुण्याच्या वडिलांकडून आलेल्या पुण्याच्या घरावर तो लागत नाही. पी.आर. झाला की ही सवलत संपते आणि जगात कुठेही मिळालेला वारसा हिशेबात धरला जातो. तीन कोटी येन अधिक प्रत्येक कायदेशीर वारसामागे साठ लाख येन एवढी सूट आहे, त्यामुळे लहान फ्लॅट सुटून जातो. परंतु कोथरूडला बंगला आणि वर जमीन असेल तर आकडा मोठा होऊ शकतो. याच्या जोडीला, वास्तव्याची पाच वर्षे पूर्ण झाली की भारतातले घरभाडे आणि व्याज इथे आणले नाही तरी जपानच्या आयकराच्या कक्षेत येते. तुमचे ते वर्ष आता दारात आहे.

दुसरी गोष्ट आईवडिलांची, आणि तिथे मला थोडे थांबावे लागेल.

जपानमध्ये आईवडिलांना कायमचे आणण्यासाठी व्हिसा नाही. 'उपलब्ध आहे पण मिळणे कठीण' अशातली ही गोष्ट नाही. तसा प्रकारच नाही. नव्वद दिवसांच्या भेटीला ते येतात आणि परत जातात. अतिकुशल व्यावसायिकाच्या व्हिसावर असलेल्याला सात वर्षांखालच्या मुलाच्या संगोपनासाठी, घराचे वार्षिक उत्पन्न ऐंशी लाख येनांपेक्षा कमी नसेल तर, एका बाजूच्या आईवडिलांना आणता येते. पी.आर. घेतला की ही सवलत जाते, आणि पी.आर. नाही घेतला तरी मूल सात वर्षांचे झाले की ती संपते. म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षभराचाच प्रश्न उरला आहे. त्यापुढे आईवडिलांचे म्हातारपण पुण्यातच जाणार आणि तुम्ही ते फोनवरून, नातेवाइकांच्या भरवशावर आणि विमानाच्या तिकिटांवर सांभाळणार. शनिवारी सकाळी मला येणाऱ्या फोनांपैकी कितीतरी याच विषयाचे असतात: बाबा बाथरूममध्ये पडले, आई औषध घेतल्याचे विसरते, सोसायटीतल्या जोशीकाकूंकडे किल्ली असते पण त्याही आता लेकीकडे चालल्या आहेत.

माझे वडील २०२० च्या जुलैमध्ये गेले. माझ्याकडे तेव्हा आठ वर्षांपासून पी.आर. होता. साथीमुळे भारताची नियमित विमाने बंद होती आणि फक्त विशेष फेऱ्या चालू होत्या. त्याहून मोठी अडचण परतीची होती. मे महिन्याच्या अखेरीस जपानने प्रवेशबंदीच्या यादीत भारताचे नाव घातले होते. जपानी नागरिक कुठूनही परत येऊ शकत होता. परदेशी रहिवासी मात्र, पी.आर. असला तरी, यादीतल्या देशात गेला तर परतीची हमी उरत नव्हती. जवळच्या नातेवाइकाच्या अंत्यविधीसाठी अपवाद होऊ शकेल असे पत्रकात होते, पण तो प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे ठरणार होता. माझी दोन शाळकरी मुले इथे होती. मी गेले नाही. भावाने फोन धरला आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून वडिलांचा अग्नी पाहिला. सप्टेंबरपासून नियम सैल झाले. या गोष्टीचा राग मी आज बाळगत नाही, साथीच्या काळात अनेक देशांनी कठोर नियम केले. परंतु माझ्या परवानगीची किनार कुठे संपते ते मला त्या उन्हाळ्यात दिसले, आणि ते तुम्हाला अर्ज करण्याआधी माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

तुम्ही लोकांबद्दलही विचारले आहे: जपानी माणूस कधी आपलेसे करतो का. मी दोन प्रसंग सांगते, कारण एकट्या कुठल्याही प्रसंगाने तुमची दिशाभूल होईल.

घर शोधताना एका दलालाने माझ्यासमोर घरमालकाला फोन लावला. 'परदेशी व्यक्ती आहेत, जपानी उत्तम बोलतात,' एवढे तो म्हणाला, मग पलीकडचे ऐकत राहिला, फोनमध्येच दोनदा कमरेत वाकला, आणि फोन ठेवून त्या घराचा कागद उलटा करून बाजूला सरकवला. त्या दुपारी असे चार कागद उलटे झाले. तो तरुण सभ्य होता, त्याला खरोखर वाईट वाटत होते. न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. म्हणजे माझी दुपार काही जगावेगळी नव्हती.

दुसरा प्रसंग मार्च २०११ चा. भूकंपाला आणि फुकुशिमाच्या अणुकेंद्राच्या दुर्घटनेला जेमतेम बारा दिवस झाले होते, माझे मोठे मूल तान्हे होते, आणि २३ तारखेला जाहीर झाले की टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडले आहे, तान्ह्या बाळांना नळाचे पाणी देऊ नये. दुकानांत बाटल्या उरल्या नव्हत्या. सरकारने एका बाळामागे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या देण्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तर बाहेर दोन लिटरच्या दोन बाटल्या ठेवलेल्या, आणि त्यांना रबराने बांधलेली चिठ्ठी: 'बाळासाठी वापरा.' खालच्या मजल्यावरच्या आजींची. चार वर्षे त्या आणि मी जिन्यात फक्त 'ओहायो गोझाइमास', म्हणजे 'सुप्रभात', म्हणत होतो. चिठ्ठी सगळी हिरागाना या सोप्या लिपीत लिहिली होती, लहान मुलांसाठी लिहितात तशी, मोठ्या सुट्या अक्षरांत, म्हणजे मला वाचता यावी. मी कांजी, म्हणजे जपानीतली अवघड चिनी अक्षरे, व्यवस्थित वाचत होते, पोट भरत होते ते त्यावरच. पण आजींना ते कसे कळणार? चार वर्षांत आमचे तेवढे बोलणेच झाले नव्हते, आणि त्यातला निम्मा दोष माझा होता. मी घरी 'पुढच्या वर्षी परत जाऊ' असे म्हणत राहत होते, म्हणून चोनाइकाई या मोहल्ला मंडळाच्या सफाईला कधी गेले नाही, उन्हाळी जत्रेत पुऱ्या तळायला उभी राहिले नाही, शेजाऱ्यांची नावे पाठ केली नाहीत. जायचेच आहे तर कशाला, असा तो हिशेब होता.

तुमच्या प्रश्नावर माझे जे काही ठाम मत आहे ते या चिठ्ठीपाशी बनले. इथे आपलेपणा मिळतो, पण तो फार सावकाश आणि रोजच्या कामांतून मिळतो: कचऱ्यावर कावळ्यांसाठी टाकायची जाळी दर आठवड्याला घडी करून ठेवणे, शाळेच्या पी.टी.ए.त, म्हणजे पालक-शिक्षक संघात, वर्षभर एखादे कंटाळवाणे पद निभावणे, भूकंपाच्या सरावाला सकाळी आठला हजर राहणे. या कामांना वर्षे द्यावी लागतात. जो माणूस राहायचे की जायचे हे ठरल्यावर ही कामे सुरू करू म्हणतो, त्याची दहा वर्षे तशीच निघून जातात, आणि मग हा समाज कोणाला आत घेत नाही असे त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटू लागते. निशी-कासाईत २००० च्या आगेमागे आलेल्यांपैकी जे परत गेले तेही मला भेटतात आणि जे राहिले तेही भेटतात. दोन्हीकडे समाधानी लोक आहेत. सर्वांत जास्त ओढाताण त्यांची होते, जे पंधरा वर्षे बॅगा अर्ध्या भरून ठेवतात. त्यांची भाषा बाजारापुरती राहते, पेन्शनचा हिशेब अर्धवट राहतो, पुण्यातले मित्र सुटलेले असतात आणि मुले धड इकडची नाहीत धड तिकडची नाहीत अशी होतात.

मुलांचा हा मुद्दा तुमच्यापुढे आत्ता उभा आहे. परदेशी मुलांना इथे शाळा सक्तीची नाही, पण वॉर्डाकडे अर्ज केला की सरकारी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळतो. शरद ऋतूत प्रवेशपूर्व आरोग्य तपासणी होते, एप्रिलमध्ये शाळा सुरू होते. दुसरा पर्याय भारतीय शाळांचा: कोतो वॉर्डात २००४ साली निघालेली इंडिया इंटरनॅशनल स्कूल, किंवा २००६ साली आलेली ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल. तिथे इंग्रजीतून भारतीय अभ्यासक्रम असतो, फी भरावी लागते, आणि पुण्याला परतणे सोपे राहते. पण त्या मुलीचे जपान मग शाळेच्या बसच्या खिडकीतूनच दिसणारे जपान राहते.

सरकारी शाळेत घातले तर पहिली-दुसरीत काहीच बिघडत नाही. मुलगी सहा महिन्यांत तुमच्याहून चांगले जपानी बोलेल. सहावीपर्यंत १,०२६ कांजी शिकवतात, आणि माझ्या अनुभवात तिसरी-चौथीच्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडतात: पुस्तकातली भाषा अमूर्त होते, आणि मूल विचारही जपानीत करू लागते. त्यानंतर पुण्याच्या शाळेत नेऊन बसवणे म्हणजे त्या मुलीला पुन्हा परकी करणे होय. दहाव्या वर्षी परत नेलेली मुले सावरतात, पण दोन-तीन वर्षे जातात. तेराव्या वर्षी परत नेलेली काही मुले मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही. क्यूशोकु, म्हणजे शाळेतले जेवण, बहुधा शाकाहारी नसते, पण घरून डबा देण्याचे बोलून घेता येते; त्यावरून निर्णय फिरवू नका.

त्याहून जड गोष्ट वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक शाळेत पालक, मूल आणि शिक्षक अशा तिघांच्या भेटीला मला उशिरा बोलावले गेले. चौथीतली मुलगी तोवर आईसाठी स्वतःच भाषांतर करत होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, की ती मधल्या सुटीत कोणाशी बोलत नाही आणि अलीकडे वही कोरी देते. मुलीने आईकडे वळून मराठीत सांगितले, 'बाई म्हणतायत मी शांत मुलगी आहे.' आईने हसून मान लववली. मी खुर्ची ओढून बसले आणि खरे भाषांतर केले, तेव्हा मुलगी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरलेली नाही. रेनराकुचो ही शिक्षक-पालकांची रोजची वही असते, तिच्यात बाईंनी हेच तीनदा लिहिले होते. आईला ती वाचता येत नव्हती. वडिलांना येत होती, पण ते रात्री अकराला घरी येत. तेव्हा मुलीला जपानी शाळेत घालायचे असेल तर तुम्हा दोघांपैकी एकाने नव्हे, दोघांनीही ती वही वाचता येईल एवढे जपानी शिकायला हवे, आणि घरात मराठी हट्टाने टिकवायला हवी. आजीशी बोलायची भाषा मुलीला शाळा देणार नाही.

भाषेबद्दल आणखी एवढेच, की एन-दोनची, म्हणजे जपानी भाषेची वरून दुसऱ्या पातळीची, परीक्षा उत्तीर्ण होणे ही सुरुवात समजा. खिडकीपलीकडचा अधिकारी 'मुझुकाशी देस ने', म्हणजे 'अवघड आहे हो', असे म्हणतो तेव्हा त्याने नाही म्हटलेले असते, आणि आपली माणसे 'अवघड असले तरी चालेल' म्हणून तिथेच उभी राहतात. शब्द समजण्यापलीकडचे हे कान तयार व्हायला ऑफिसबाहेरची माणसे लागतात.

पैशाचे थोडक्यात सांगते. येनवर भरवसा ठेवून परतीचे गणित मांडू नका. २०१२ मध्ये एका येनला पासष्ट पैशांच्या आसपास मिळत, २०२४ च्या मध्यावर बावन्न-त्रेपन्न पैशांपर्यंत आले, आणि दरम्यान पुण्यातले पगार आणि जागांचे भाव दोन्ही वाढले. पेन्शन, म्हणजे नेंकिन, मिळण्यासाठी २०१७ पासून पंचवीसऐवजी दहा वर्षांचा भरणा पुरतो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे भारतातली भविष्य निर्वाह निधीची वर्षे पात्रतेसाठी यात मिळवता येतात. परत जाणारे बहुतेक जण भरलेल्या रकमेचा काही भाग एकरकमी काढून घेतात, त्यासाठी देश सोडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते; पण ती रक्कम घेतली की तेवढी वर्षे खात्यातून कायमची पुसली जातात. परत जायचे ठरवलेत तरी हा अर्ज घाईने भरू नका. घर विकत घ्यायचा विचार असेल तर एदोगावा वॉर्डाने २०१९ साली घरोघर दिलेला पुराचा नकाशा आधी पाहा. वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे आणि मोठ्या पुराच्या वेळी 'इथे थांबू नका' असे वॉर्डाने स्वतः त्याच्या मुखपृष्ठावर छापले होते.

राजकीय हवा बदलते आहे हेही तुम्ही बातम्यांत पाहत असाल. २०२४ च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांवर गेली, लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास. २०२५ च्या जुलैमधल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने चौदा जागा जिंकल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यवसायाच्या व्हिसासाठी लागणारे भांडवल पन्नास लाख येनांवरून एकदम तीन कोटींवर नेले गेले आणि छोटी भारतीय हॉटेले चालवणारे अनेक जण अडचणीत आले. रस्त्यात कोणी तुम्हाला काही बोलेल अशी भीती मी घालणार नाही, माझ्याशी कोणी बोललेले नाही. पण नियम यापुढे सैल होण्यापेक्षा घट्ट होण्याचीच शक्यता अधिक आहे असे धरून चाला, आणि राहायचे असेल तर पी.आर.चा अर्ज रेंगाळत ठेवू नका. नागरिकत्व, म्हणजे किका, हा त्यापुढचा प्रश्न आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओ.सी.आय. कार्डावर भागवावे लागेल. तो आज सोडवू नका.

म्हातारपणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, चाळिशीच्या आत कोणी विचारत नाही. चिठ्ठीच्या त्या आजी २०१८ साली गेल्या. मधल्या सात वर्षांत आम्ही एकमेकींच्या घरात जाऊ-येऊ लागलो होतो. मी त्यांच्या औषधांच्या वेळा लिहून देई, त्या माझ्या मुलांना कांजीचे वळण शिकवत. त्यांच्या मुलाने मला स्मशानात बोलावले. तिथे अस्थी राखेत मिसळू देत नाहीत. जवळची माणसे दोघा-दोघांनी मिळून, चॉपस्टिकने एकेक अस्थी उचलून कलशात ठेवतात, पायापासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. आपल्याकडे ज्याला सावडणे म्हणतात तेच हे. एका अस्थीचे एक टोक त्यांच्या मुलाने धरले आणि दुसरे मी. वडिलांच्या अस्थी सावडायला मला जाता आले नाही, आणि आजींच्या सावडल्या. राहण्याने माझ्याकडून काय घेतले आणि मला काय दिले, याचा हिशेब मांडायला बसले की या दोन गोष्टी समोर येतात आणि मी त्यांची वजाबाकी करू शकत नाही.

तुम्ही काय करावे याबद्दल माझे मत विचारलेत म्हणून सांगते. आईवडिलांपैकी कोणाची प्रकृती आत्ताच नाजूक असेल आणि पुण्यात त्यांना सांभाळणारे भावंड नसेल, तर मुलगी तिसरीत जाण्याआधी परत जा. तसे ठरले तर तिला भारतीय शाळेत घाला आणि ही दोन-तीन वर्षे पाहुण्यासारखी आनंदाने काढा. भावंड असेल तर त्याच्याशी आजच बोला. पैसे कोण पाठवणार आणि रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण जाणार, हे दोन्ही त्याच बोलण्यात मोकळेपणाने ठरवा. नुसते पैसे पाठवणाऱ्याला भावंडाची कृतज्ञता नीट बोलून दाखवता आली पाहिजे. हे जमत असेल आणि राहायचे ठरले, तर पी.आर.चा अर्ज करा, मुलीला वॉर्डाच्या शाळेत घाला, आणि चोनाइकाईची वर्गणी या महिन्यापासून भरा.

पण या सगळ्याच्या आधी तुमच्या त्या एका वाक्याकडे या. पुण्यात तुमची पत्नी नोकरी करत होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या पत्नीच्या, व्हिसावर तिला वेगळी परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येते. बहुतेक शिकलेल्या बायका भाषेअभावी तेही करत नाहीत आणि दिवसभर निशी-कासाईतल्या चार मराठी घरांत फिरतात. माझ्यासमोर परत गेलेल्या कुटुंबांपैकी फार थोडी नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली. शरद ऋतूत वॉर्डाच्या शाळा पालकांसाठी वर्ग खुले ठेवतात. त्या दिवशी दोघे जा, तिला वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक तास उभे राहू द्या, आणि त्या तासात तुम्ही तिच्या कानात भाषांतर करू नका. घरी आल्यावर तिला काय समजले आणि काय वाटले ते तिला सांगू द्या, आणि पुढचे पत्र मला तिने लिहावे.